सीएसएक्सचा साहेब कोण ठरवतं?

२९ सप्टेंबर २०२५, सोमवार. अमेरिकेतल्या सीएसएक्स या मालवाहू रेल्वे कंपनीने जाहीर केलं की मुख्य कार्यकारी अधिकारी जो हिनरिक्स पदावरून जात आहेत आणि त्यांच्या जागी स्टीव्ह एंजल येत आहेत. हिनरिक्स तीन वर्षांपूर्वी आले होते, त्याआधी त्यांची बरीचशी कारकीर्द फोर्ड मोटारमध्ये गेली. एंजल हे लिंडे या औद्योगिक वायू बनवणाऱ्या कंपनीचे माजी प्रमुख. रेल्वे कंपनीत लहानाचा मोठा झालेला माणूस दोघांपैकी एकही नाही.

या बातमीची वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. बाल्टिमोर शहराखालून १८९५ साली बांधलेला, सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीचा हॉवर्ड स्ट्रीट बोगदा फेब्रुवारीपासून बंद होता. एकावर एक असे दोन कंटेनर घेऊन गाडी जावी म्हणून त्याची उंची दीड फुटाने वाढवायची होती. दुसरीकडे, सप्टेंबर २०२४ मधल्या हेलीन चक्रीवादळात टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांतला सुमारे ६० मैलांचा मार्ग नदीने खरवडून नेला होता. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या गाड्यांना या दोन्ही बंद मार्गांमुळे लांबचा वळसा पडत होता, यार्डं तुंबत होती, खर्च वाढत होता. दोन्ही कामं संपून गाड्या पुन्हा धावू लागल्या त्या सप्टेंबरच्या अखेरीस. म्हणजे साहेब गेले त्याच सुमारास.

मग अडचणीचं वर्ष सरत असताना साहेबाला घरी का पाठवलं? याचं उत्तर जेवढं रुळांवर आहे, त्याहून जास्त भागधारकांच्या यादीत आहे. आणि सीएसएक्सच्या बाबतीत ही पहिली वेळही नाही. २००८, २०१७ आणि आता २०२५, अशी तीनदा या कंपनीच्या दारात गुंतवणूकदार मागण्या घेऊन उभे राहिले. तीन वेळा तीन वेगळ्या मागण्या. त्या ओळीने पाहिल्या की हा सगळा प्रकार बराच उलगडतो.

आधी रेल्वेची मालकी

आपल्या डोक्यात रेल्वे म्हटलं की सरकार येतं. अमेरिकेत मालवाहतूक करणाऱ्या रेल्वे खासगी आहेत, आणि नुसत्या गाड्याच नाहीत तर रूळ, पूल, बोगदे, सिग्नल सगळं त्यांच्या मालकीचं. प्रवासी गाड्या चालवणारी अ‍ॅमट्रॅक बहुतेक ठिकाणी यांच्याच रुळांवरून पाहुण्यासारखी धावते. बोगदा उंच करायचा तर त्याला सरकारी निधीची जोड मिळाली तरी काम कंपनीचं, आणि बंद काळातला तोटाही कंपनीचाच.

मोठ्या कंपन्या आता सहाच उरल्या आहेत. पश्चिमेकडे युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफ, पूर्वेकडे सीएसएक्स आणि नॉरफोक सदर्न, शिवाय कॅनडातून खाली उतरणाऱ्या कॅनेडियन नॅशनल आणि सीपीकेसी. यांपैकी बीएनएसएफ वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने २०१० मध्ये पूर्ण विकत घेतली, त्यामुळे तिच्या दारात कोणी दबाव टाकायला जाऊ शकत नाही. बाकीच्या पाचांचे शेअर बाजारात आहेत.

१९७० साली पेन सेंट्रल ही प्रचंड रेल्वे कंपनी दिवाळ्यात निघाली, तेव्हा हा धंदाच बुडणार असं वाटत होतं. १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने दर ठरवण्याची बरीच मोकळीक कंपन्यांना दिली. त्यानंतर विलीनीकरणं होत गेली, नको असलेले मार्ग विकले किंवा उखडले गेले, आणि उरलेल्यांच्या हातात जवळपास मक्तेदारी आली. कोळशाची खाण, धान्याचं कोठार किंवा रसायनांचा कारखाना ज्या एकाच कंपनीच्या रुळाला जोडलेला असतो, त्याला दुसरा पर्याय नसतो. तिथे नवा रूळ टाकायला आज कोणी येणार नाही. म्हणजे गिऱ्हाईक सहसा सुटत नाही, स्पर्धक नवा येत नाही, आणि उत्पन्न बऱ्यापैकी स्थिर. अशा धंद्यात खर्च कमी केला की वाचलेला पैसा थेट नफ्यात जातो. गुंतवणूकदारांची नजर इथे का वळते ते यावरून कळावं.

पाच टक्क्यांत कंपनी कशी हलते

ज्यांना तिकडे अ‍ॅक्टिव्हिस्ट गुंतवणूकदार म्हणतात, ते कंपनी विकत घेत नाहीत. एक टक्का, तीन टक्के, पाच टक्के शेअर घेतात आणि मग जाहीर पत्र लिहितात. आपल्याकडे गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेला एखादा सभासद जाडजूड फाईल बगलेत मारून येतो. फ्लॅट एकच, मत एकच. पण दुरुस्ती निधीचा हिशोब तो असा काही मांडतो की एरवी चहापुरते येणारे चाळीस जण ‘खरंच की’ म्हणू लागतात आणि सेक्रेटरीची खुर्ची डळमळते. तसंच हे. फरक इतकाच की हा फाईलवाला वर्ष-दोन वर्षांत आपला फ्लॅट चढ्या भावाने विकून निघून जाऊ शकतो.

बाकीचे चाळीस जण म्हणजे व्हॅनगार्ड, ब्लॅकरॉक, स्टेट स्ट्रीट यांसारखे मोठे फंड आणि पेन्शन फंड. त्यांच्याकडे शेकडो कंपन्यांचे शेअर असतात, प्रत्येकीच्या यार्डात काय चाललंय हे पाहायला त्यांना वेळ नसतो. मत कुणाला द्यावं याचा सल्ला देणाऱ्या आयएसएस आणि ग्लास लुईस या दोन संस्था आहेत, त्यांच्या अहवालाला फार वजन असतं. त्यात २०२२ पासून अमेरिकी बाजार नियामकाच्या नव्या नियमामुळे भागधारकाला कंपनीच्या आणि विरोधकांच्या यादीतून नावं निवडून एकाच मतपत्रिकेवर खुणा करता येतात. पूर्वी एकतर पूर्ण पॅनल घ्या नाहीतर सोडा, असा प्रकार होता. आता ‘साहेब राहू दे, पण त्याच्यावर नजर ठेवायला तुमचे तिघे आत घ्या’ असं मत देता येतं.

म्हणून लढाई मतदानापर्यंत जायचीही गरज उरलेली नाही. पुढच्या वार्षिक सभेत आपली खुर्ची जाऊ शकते हे दिसलं की संचालक मंडळ सहसा आधीच तडजोड करतं. आणि तडजोडीत सर्वांत सोपी देण्यासारखी गोष्ट म्हणजे साहेबाचं डोकं.

हे सगळं जिथे मालकी विखुरलेली असते तिथेच चालतं. लंडनच्या टीसीआय या फंडाने २०१२ मध्ये आपल्या कोल इंडियाविरुद्ध हाच प्रयोग केला होता. कंपनी कोळसा स्वस्तात विकून छोट्या भागधारकांचं नुकसान करते, असं म्हणत त्यांनी संचालकांना कोर्टात खेचलं. पण तिथे ९० टक्के शेअर भारत सरकारचे. फाईल कितीही जाड असली तरी उपयोग काय? २०१४ पर्यंत टीसीआय शेअर विकून बाहेर पडला.

एका आकड्याचं राज्य

या लढायांत सगळे एकाच आकड्याबद्दल बोलतात: ऑपरेटिंग रेशो. शंभर डॉलर कमावायला किती डॉलर खर्च झाले, इतकाच त्याचा अर्थ. ७० म्हणजे शंभरातले सत्तर गेले, तीस उरले. आकडा जितका कमी तितका बाजार खूश. भारतीय रेल्वेही हा आकडा दरवर्षी जाहीर करते आणि अलीकडे तो ९८ च्या आसपास असतो. अर्थात तिथे तोट्यातली प्रवासी वाहतूक, पेन्शनचा भार असं बरंच काही आहे, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून कुणाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

या आकड्यात एक खोच आहे आणि ती एका छोट्या हिशोबाने दिसते. समजा, कंपनी १०० कमावते, ६० खर्च करते. नफा ४०, रेशो ६०. आता तिला नवं काम मिळतं, कंटेनर वाहून नेण्याचं. त्यातून २० मिळणार, खर्च १६ होणार. घेतलं तर कमाई १२०, खर्च ७६, नफा ४४. नफा दहा टक्क्यांनी वाढला. पण रेशो? ६३ च्या वर गेला. ज्या साहेबाचा बोनस आणि खुर्ची रेशोवर टांगलेली आहे, तो हे काम घेईल का? बहुधा नाही. ते काम मग ट्रककडे जातं. अमेरिकी रेल्वेचा नफा वाढत असताना मालाचं प्रमाण का वाढलं नाही, याचं बरंचसं उत्तर या चार ओळींच्या गणितात आहे, असं माझं मत आहे.

२००८: पहिली धडक

कोल इंडियाच्या चार वर्षं आधी टीसीआय सीएसएक्सच्या दारात होता, सोबत थ्रीजी कॅपिटल. दोघांचे मिळून ८.७ टक्के शेअर. शिवाय ‘स्वॅप’ नावाचे करार, ज्यात शेअर बँकेच्या नावावर असतात पण भाव वरखाली होण्याचा फायदा-तोटा फंडाला होतो. म्हणजे कागदावर दिसणाऱ्यापेक्षा त्यांचा हात लांब होता. सीएसएक्सने कोर्टात दाद मागितली. न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी जून २००८ मध्ये सांगितलं की फंडांनी माहिती उघड करण्याचा नियम मोडला आहे, पण त्यांना मतदानापासून रोखता येणार नाही. अखेर बारापैकी चार जागा फंडांनी जिंकल्या. त्यांची मागणी होती की दर वाढवा, खर्च आवळा, भागधारकांना जास्त पैसा द्या. परदेशी हेज फंड देशाच्या रेल्वेत घुसतात म्हणून वॉशिंग्टनमध्ये आरडाओरडा झाला, पण तो विरला. मुख्य अधिकारी मायकेल वॉर्ड टिकले, आणखी जवळपास नऊ वर्षं.

२०१७: हंटर हॅरिसन

ही गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण त्यानंतरचं सगळं तिच्या सावलीत घडलं.

हंटर हॅरिसन मेम्फिसच्या यार्डात वाघिणींच्या (मालडब्यांच्या) आसांना तेल घालण्याच्या कामापासून वर आलेला माणूस. इलिनॉय सेंट्रल, मग कॅनेडियन नॅशनलचा प्रमुख. तिथून निवृत्त झाल्यावर २०१२ मध्ये बिल अ‍ॅकमन यांच्या पर्शिंग स्क्वेअर फंडाने त्याला पुन्हा बाहेर काढलं. अ‍ॅकमननी कॅनेडियन पॅसिफिकचे सुमारे १४ टक्के शेअर घेतले होते. मे २०१२ च्या सभेच्या दिवशी सकाळीच तिथले प्रमुख फ्रेड ग्रीन पायउतार झाले आणि विरोधकांचे सातही उमेदवार निवडून आले. हॅरिसनने चारेक वर्षांत त्या कंपनीचा रेशो ८० च्या वरून ६० च्या आसपास आणला.

त्याची पद्धत ‘प्रिसिजन शेड्यूल्ड रेलरोडिंग’ म्हणून ओळखली जाते. कल्पना तशी सरळ. जुन्या पद्धतीत मालगाडी भरेपर्यंत थांबायची, मग सुटायची. हॅरिसन म्हणायचा, गाडीला वेळापत्रक द्या, भरली नाही तरी सोडा, आणि गाडीपेक्षा वाघीण कुठे आहे ते बघा. उभी वाघीण पैसा खाते. ती सर्वांत जास्त उभी राहते हंप यार्डात. तिथे मातीचा एक उंचवटा केलेला असतो. इंजिन मागून रेटत वाघिणी वर नेतं, माथ्यावर कपलिंग सुटतं, आणि एकेक वाघीण आपल्या वजनाने उतारावरून खाली जाते. खाली रूळ पंख्यासारखे पसरलेले असतात, चाकांना करकचून धरणारे ब्रेक वेग आवरतात, आणि सांधे बदलत प्रत्येक वाघीण आपापल्या गावच्या रांगेत जाऊन आदळते. पाहायला मजेशीर, पण या सगळ्यात एक वाघीण एका यार्डात दिवस-दिवस अडकते. वाटेत अशी तीन यार्डं आली की आठवड्यातला निम्मा वेळ गाडी चाललेलीच नसते. हॅरिसनचं उत्तर: हंप बंद करा, वाघिणींची आधीच जुळवणी करून गाड्या थेट पाठवा. त्यातून इंजिनं कमी लागतात, माणसं कमी लागतात, यार्डाची जमीन मोकळी होते.

पॉल हिलाल हे अ‍ॅकमन यांच्या फंडात कॅनेडियन पॅसिफिकचं काम पाहायचे. त्यांनी मँटल रिज नावाचा स्वतःचा फंड काढला, कोणत्या कंपनीवर जायचं ते न सांगता अब्ज डॉलरच्या वर पैसा जमवला, आणि सीएसएक्सचे पाच टक्क्यांच्या जरा आत शेअर घेतले. १८ जानेवारी २०१७ च्या संध्याकाळी बातमी फुटली की हॅरिसन कॅनेडियन पॅसिफिक सोडून हिलाल यांच्यासोबत सीएसएक्सकडे निघाला आहे. दुसऱ्या दिवशी सीएसएक्सचा शेअर सुमारे २३ टक्के चढला. त्या दिवशी हॅरिसन कंपनीत नव्हता. करार नव्हता, संचालक मंडळाने होकार दिला नव्हता. एकही गाडी वेगळ्या रुळावर गेली नव्हती. पण आता नकार दिला तर हे २३ टक्के पाण्यात जाणार आणि भागधारक संचालकांच्या अंगावर येणार, हे उघड झालं. माझ्या मते निवड त्या दिवशीच झाली. पुढचे सात आठवडे नुसती घासाघीस.

घासाघीस कशाची, तर पैशांची. जुनी नोकरी मधेच सोडल्यामुळे हॅरिसनला जे सोडावं लागलं, त्याची ८.४ कोटी डॉलरची भरपाई सीएसएक्सने द्यावी अशी मागणी होती. ७२ वर्षांचा, प्रकृती ठीक नसलेला माणूस. तरी मार्चच्या सुरुवातीला तो रुजू झाला, मंडळात पाच नवे संचालक आले, वॉर्ड निवृत्त झाले. जूनमध्ये भागधारकांनी ती भरपाई प्रचंड बहुमताने मंजूर केली.

उन्हाळ्यात सीएसएक्सचा कारभार कोलमडला. बारा हंप यार्डांपैकी बहुतेक झपाट्याने बंद केली गेली होती. वाघिणी भलत्याच गावी पोचू लागल्या, कारखान्यांना कच्चा माल वेळेवर मिळेना, व्यापारी ट्रक शोधत फिरू लागले. जुलैत हॅरिसनने गिऱ्हाइकांना पत्र लिहिलं, त्यात त्रास झाल्याची कबुली होती आणि नव्या पद्धतीला विरोध करणाऱ्या काही कर्मचाऱ्यांवर ठपकाही. रेल्वेवर देखरेख करणाऱ्या सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाने ऑक्टोबरात वॉशिंग्टनमध्ये सुनावणी घेतली. १६ डिसेंबर २०१७ रोजी हॅरिसन यांचं निधन झालं. रुजू होऊन साडेनऊ महिनेही झाले नव्हते.

पण पद्धत राहिली. जिम फूट यांनी सूत्रं घेतली, घडी हळूहळू बसली. सीएसएक्सचा रेशो २०१६ मध्ये ६९ च्या वर होता, २०१९ मध्ये ५८.४ झाला. कर्मचारी २७ हजारांच्या आसपास होते, ते २१ हजारांच्या घरात आले. बीएनएसएफ सोडून बाकीच्या बहुतेकांनी मग कमी-अधिक प्रमाणात हाच कित्ता गिरवला. न गिरवणाऱ्याला फंडाचं पत्र यायचं.

बिल कुणाच्या नावावर

वाचलेला पैसा गेला कुठे? बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन ओबरमन यांनी २०२१ मध्ये हिशोब मांडला: २०१० पासून मोठ्या रेल्वे कंपन्यांनी बायबॅक (आपलेच शेअर परत विकत घेणं) आणि लाभांशावर १९० अब्ज डॉलरच्या वर रक्कम वाटली, आणि आपल्याच रूळ-इंजिनांत गुंतवली ती १४० अब्जांच्या आत. त्यांनीच दाखवून दिलं की सहा वर्षांत सुमारे ४५ हजार रेल्वे कामगार कमी झाले. कोविडनंतर माल एकदम वाढला तेव्हा गाड्या होत्या, रूळ होते, पण चालवायला माणसं नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा सुनावणी. त्याच वर्षी कामगारांना पगारी आजारपणाची एकही रजा मिळत नसल्यावरून देशभर संपाची वेळ आली आणि डिसेंबरात अमेरिकी संसदेने कायदा करून करार लादला, त्यात ती रजा नव्हतीच.

हिनरिक्स सीएसएक्समध्ये आले ते त्याच २०२२ च्या सप्टेंबरात. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन संघटनांशी करार करून चार दिवसांची पगारी आजारपणाची रजा देणारी सीएसएक्स ही मोठ्या रेल्वेंमधली पहिली. कामगारांशी संबंध सुधारले की सेवा सुधारेल, सेवा सुधारली की माल वाढेल, हा त्यांचा हिशोब. वाईट नव्हता. पण त्याला वेळ लागतो, आणि २०२२ साली ५९ च्या पुढे असलेला रेशो २०२४ मध्ये ६४ वर गेला. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत, बोगदा आणि डोंगरातला मार्ग दोन्ही बंद असताना, तो जवळजवळ ७० झाला.

दरम्यान इतरांकडेही वारे वाहत होते. युनियन पॅसिफिकमध्ये सोरोबन कॅपिटल या फंडाच्या दबावानंतर २०२३ मध्ये लान्स फ्रिट्झ गेले आणि फंडाला हवे असलेले जिम व्हेना आले. नॉरफोक सदर्नची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइनमध्ये तिच्या गाडीच्या ३८ वाघिणी घसरल्या, त्यात विषारी रसायनं होती. चाकाचं बेअरिंग तापून निकामी झाल्याचं तपासात निघालं. प्रमुख अ‍ॅलन शॉ यांचं म्हणणं होतं की मंदीतही माणसं कमी करायची नाहीत. क्लीव्हलँडच्या अँकोरा या फंडाने २०२४ मध्ये त्यांना हटवण्यासाठी मोहीम उघडली. मतदानात शॉ वाचले, पण तेरापैकी तीन जागा अँकोराने घेतल्या. त्या तिघांत गिल्बर्ट लॅम्फियर होते. २००८ मध्ये टीसीआयच्या यादीतून सीएसएक्सच्या मंडळावर गेलेले तेच. हे जग छोटं आहे, तीच माणसं फिरून फिरून दिसतात. सप्टेंबरात शॉ यांना सहकारी अधिकाऱ्याशी असलेल्या वैयक्तिक संबंधांवरून काढण्यात आलं, त्याचा अँकोराशी संबंध नव्हता. कामगार संघटनांतही या लढाईत एकमत नव्हतं: बहुतेक शॉ यांच्या बाजूने, तर इंजिनचालकांची आणि रूळ दुरुस्ती करणाऱ्यांची संघटना अँकोराच्या.

२०२५: आता मागणी विक्रीची

२९ जुलै २०२५ रोजी युनियन पॅसिफिकने सुमारे ८५ अब्ज डॉलरमध्ये नॉरफोक सदर्न घेण्याचा करार जाहीर केला. मंजूर झाला तर एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी अमेरिकेतली पहिली मालवाहू रेल्वे तयार होईल. आणि पूर्वेला सीएसएक्स एकटी पडेल.

आठवडाभरानंतर अँकोराचं पत्र सीएसएक्सला. यावेळी मागणी हंप बंद करा किंवा माणसं कमी करा अशी नव्हती. म्हणणं असं की तुम्हीही जोडीदार शोधा, बीएनएसएफ किंवा सीपीकेसी, आणि हिनरिक्स यांना हे जमणार नसेल तर बदला, नाहीतर मतदानात भेटू. पंचाईत अशी की दोन्ही नवरदेव बोहल्यावर चढायला तयार नव्हते. सीपीकेसीचे कीथ क्रील यांनी विलीनीकरणात रस नसल्याचं सांगितलं. ऑगस्टच्या उत्तरार्धात सीएसएक्स आणि बीएनएसएफने मिळून कंटेनर गाड्या चालवण्याची घोषणा केली, आणि मग बफे यांनी आपण बोली लावणार नसल्याचं स्पष्ट केलं. सीएसएक्सचा शेअर पडला. महिनाभरानंतर एंजल आले.

एंजल यांचीच निवड का, याचा अंदाज त्यांच्या मागच्या कामावरून येतो. २०१८ मध्ये प्रॅक्सएअर आणि जर्मनीची लिंडे या दोन कंपन्यांचं विलीनीकरण त्यांनी पार पाडलं होतं आणि एकत्र कंपनी चालवून दाखवली होती. खर्चावर घट्ट हात, आणि सौदा करायची वेळ आली तर तोही जमतो. सौदा झालाच नाही तरी रेशो खाली आणता येईल. संचालक मंडळाने दोन्ही शक्यतांसाठी एकच माणूस नेमला, असं मला दिसतं.

सौदा होईल की नाही हे मात्र सीएसएक्सच्या हातात नाही. मोठ्या रेल्वेंच्या विलीनीकरणासाठी बोर्डाने २००१ मध्ये कडक नियम केले: नुकसान होणार नाही एवढं दाखवून भागत नाही, स्पर्धा वाढेल हे सिद्ध करावं लागतं. कॅनेडियन पॅसिफिक (सीपी) आणि कॅन्सस सिटी सदर्न (केसीएस) यांचं २०२३ मधलं विलीनीकरण, ज्यातून सीपीकेसी झाली, जुन्या, सौम्य नियमांखाली झालं, कारण केसीएसला लहान म्हणून सूट होती. युनियन पॅसिफिक आणि नॉरफोक सदर्न ही या नव्या नियमांची पहिली खरी परीक्षा. ती जोडी मंजूर झाली तर सीएसएक्सवर विक्रीचा दबाव वाढेल. नाकारली गेली तर अँकोराच्या पत्रातला मुद्दाच ढिला पडेल, आणि एंजल यांच्याकडे पुन्हा तोच जुना आकडा मागितला जाईल.

बाहेरून पाहणाऱ्याला यात काय चाललंय ते कळायला तिमाही निकालांची वाट पाहावी लागत नाही. २०१४ पासून बोर्ड प्रत्येक मोठ्या रेल्वेकडून दर आठवड्याला आकडे घेतं आणि ते सर्वांसाठी खुले असतात: गाड्यांचा सरासरी वेग, प्रत्येक मोठ्या यार्डात वाघीण सरासरी किती तास उभी राहते, किती गाड्या वाटेत अडकल्या. २०१७ च्या उन्हाळ्यात सीएसएक्सचा घोळ आधी तिथे दिसला, नफ्याच्या आकड्यांत नंतर. एंजल खर्च आवळतायत की नुसती माणसं कमी करतायत, हे समजायचं तर सीएसएक्सच्या रकान्यातला यार्डाचा वेळ आणि कर्मचाऱ्यांचा महिन्याचा आकडा शेजारी ठेवून पाहावा. दोन्ही एकदम खाली गेले तर पद्धत सुधारली म्हणायची. माणसं कमी आणि यार्डातले तास जास्त असं दिसलं, तर पुढच्या सुनावणीची तारीख फार लांब नसेल.